दोन गाण्यांमधला कचरा

दोह्याहून आणलेल्या बॅगा ओसरीवर टाकून मरियंबी थेट आपल्या खोलीकडे वळली, आणि दाराशीच तिच्या तोंडावर काहीतरी सळसळलं. चौकटीला वरपासून उंबऱ्यापर्यंत तपकिरी, चकचकीत, गवताच्या पात्याइतक्या अरुंद पट्ट्या टांगल्या होत्या. लग्नघर म्हटलं की हल्ली काय काय टांगतात, कुणी विचारावं. तिने त्या हाताने बाजूला सारल्या, कमरेची किल्ली काढली आणि कुलूप चाचपायला लागली. कुलूप नव्हतं. जुन्या पितळी कुलपाच्या जागी चंदेरी मुठीचं नवंच काहीतरी बसवलं होतं, आणि त्याच्या भोकात तिच्या किल्लीचं टोकसुद्धा शिरेना.

"हे कुणी केलं?" तिने मोठ्याने विचारलं.

स्वयंपाकघरातून तिची धाकटी बहीण सैनबी ओढणीला हात पुसत आली. "इत्ता, आलीस? विमान वेळेवर आलं वाटतं. हसीना बरी आहे ना? बाळ कुणावर गेलंय?"

"बापावर गेलंय. कुलूप कुणी काढलं?"

"आधी पाणी तरी पी."

सैनबीच्या मनात खोट असली की तिच्या तोंडून साखर सांडायला लागे, हे मरियंबीला ती रांगत होती तेव्हापासून ठाऊक होतं. मरियंबी पाणी प्यायला वळली नाही. नुसती उभी राहिली.

"अगं, किल्ली तुझ्याकडे, तू लेकीच्या बाळंतपणाला दोह्यात. इकडे रंगारी दाराशी उभे. मग काय करायचं? तोडलं कुलूप." सैनबीने एका दमात सांगून टाकलं. "माझ्या निहालाचा पुय्याप्ला कुठे झोपणार, इत्ता? तूच सांग. एवढी मोठी खोली घरात दुसरी आहे का?"

खोली म्हणजे काय, हे तेक्केवीड घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथल्या मुली लग्न करून कुठे जात नाहीत, नवरे येतात. संध्याकाळी येतात, सकाळी तांदळाची पत्तिरी खाऊन आपल्या कामाला जातात, आणि केस पिकले, दात पडले तरी पुय्याप्ला, म्हणजे नवा नवरदेव, म्हणूनच ओळखले जातात. एवढ्या मोठ्या घरात त्यांचं स्वतःचं असं काय, तर ती एक खोली. पुय्याप्ला वारला की ती खोली पुढच्या मुलीकडे जाते. पण त्याची एक रीत आहे. त्याची विधवा स्वतःच्या मनाने, स्वतःच्या हाताने किल्ली देते. कुणी मागत नाही, कुणी घाई करत नाही. पात्तूमा मावशीने मरियंबीच्या हातावर ही किल्ली ठेवली तेव्हा मावशीचा हात गार पडला होता, पण तो मावशीचा स्वतःचा हात होता. आणि इथे माझ्या पाठीमागे छिन्नी-हातोडा चालवला, हे मनात आलं आणि मरियंबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने मूठ फिरवून दार ढकललं. आत गुलाबी रंग, भिंतीएवढा आरसा, एसी, आणि पलंग इतका मोठा की त्यावर जनाजा ठेवून वर चार माणसं बसली असती. तिच्या नवऱ्याचं, बीरानकोयाचं, कपाट नव्हतं. खिडकीतला टेपरेकॉर्डर नव्हता.

"माझं सामान?"

"विहिरीकडच्या खोलीत नीट लावून ठेवलंय," सैनबी म्हणाली. "आणि इत्ता, चिडू नकोस, पण तुझ्यासाठी एक गंमत आहे. रमीसने केलंय काहीतरी. चहाला सगळे जमणारेत, तेव्हा बघशील."

मरियंबीने नमाज पढली, पण मन काही त्यात लागलं नाही.

चहाला सगळे मधल्या सोप्यात जमले. सगळे म्हणजे घरचेच. घरातला वडीलधारा भाऊ आलिकोया वेताच्या खुर्चीत बसला होता. वलियंगाडी बाजारातला त्याचा खोबऱ्याचा व्यापार आता पोरं बघत, पण घरातला शेवटचा शब्द अजून त्याचा. सैनबी केळ्याच्या उन्नक्कायाचं ताट फिरवत होती. तिची मुलगी निहाला, जिचं लग्न तोंडावर आलं होतं, ती मेंदी काढणाऱ्या मुलीची वाट बघत पायरीवर बसली होती. आणि सैनबीचा मुलगा रमीस, दुबईहून खास बहिणीच्या लग्नाला आलेला, भिंतीशी उभा राहून हसत होता. त्याच्या मागे भिंतीवर काहीतरी मोठं होतं, चादरीने झाकलेलं.

"मूत्तम्मा, हात पुढे करा," रमीस थोरल्या मावशीला म्हणाला.

मरियंबीने हात केला. त्याने तिच्या तळव्यावर करंगळीच्या पेराएवढी काळी कांडी ठेवली.

"काय आहे हे?"

"बीरान काकांच्या सगळ्या कॅसेट. जेवढी गाणी होती तेवढी सगळी यात आहेत. आता खरखर नाही, टेप अडकणं नाही, काही नाही. दुबईला मागवून तिथल्या एका दुकानात करून घेतलं. तुम्ही मोबाइललासुद्धा ऐकू शकता."

"बघ," आलिकोया म्हणाला. "पोराला आठवण आहे. नाहीतर कोण करतं."

रमीसने ती कांडी एका ठोकळ्यात खोचली आणि बीरानकोयाचा आवाज सोप्यात उमटला.

तो गेल्यावर तीन वर्षांनी. मरियंबीचा घास हातात राहिला. आवाज त्याचाच होता, स्वच्छ, जवळचा. राग निम्मा तिथेच विरघळला असता. ती म्हणजे काही दगड नव्हती. गाणं संपलं. ती मान खाली घालून वाट बघत राहिली. आणि लगेच, श्वाससुद्धा न घेता, दुसरं गाणं सुरू झालं.

"थांबव," ती म्हणाली.

रमीसने थांबवलं.

"पुढचं लागलं कसं?"

"कसं म्हणजे?"

"एक संपलं आणि दुसरं लागलं. मधलं कुठंय?"

रमीस हसला. "मधे काही नव्हतं, मूत्तम्मा. मधे नुसता कचरा होता. कुणी खोकतंय, कुठे भांडी वाजतायत, मधेच टकटक. दुकानदार म्हणाला हे सगळं साफ करून देतो. एकेक गाणं त्याने धुऊन काढलंय."

"कचरा," मरियंबी म्हणाली.

"आता यात रागावण्यासारखं काय आहे?" आलिकोया म्हणाला. "आल्या आल्या तोंड वाकडं करू नकोस, मरियंबी. पोराने हौसेने केलंय."

"तुम्हाला तरी कळायला हवं होतं, आलिक्का. तबल्यावर तुम्हीच बसायचात ना?"

दर गुरुवारी या घराच्या माडीवर मैफल बसत असे. गाणारा बीरानकोया, तबल्यावर आलिकोया, पेटीवर बाजारातला कुणीतरी, आणि ऐकायला गल्लीतले पुरुष. बायका वर जात नसत. पण दोह्याची नोकरी सोडून बीरानकोया परत आला तो टेपरेकॉर्डर घेऊन, आणि माडीवर विजेचं एकच भोक होतं, तेही जिन्याच्या दाराच्या आतल्या अंगाला. म्हणून यंत्र दाराच्या आत, त्याची मायकाची तार दाराच्या बाहेर, आणि यंत्राशी मरियंबी. बटण ती दाबायची. कॅसेट ती पालटायची. बाईचा आवाज पुरुषांच्या बैठकीत जायचा नाही, म्हणून गाणं संपलं की बीरानकोया दाराकडे तोंड करून विचारायचा, "काय, आहे का अजून?" आणि ती हातातली बांगडी दारावर वाजवायची. एकदा वाजली तर टेप आहे, गा. दोनदा वाजली तर संपत आली, आटप. मग तो शेवटचं कडवं घाईघाईने गुंडाळायचा आणि बैठक हसायची. चारचौघांत बायकोशी बोलायचं नाही अशा घरात तो माणूस दर गुरुवारी सगळ्या गल्लीदेखत तिच्याशी बोलला, आणि तिने उत्तर दिलं. या पोराला ती टकटक वाटली.

तिने हे सगळं सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं. मरियंबीचा राग असाच असे, जितका जास्त तितका आवाज खाली.

"मला काय माहीत, मूत्तम्मा," रमीस म्हणाला. "कुणी सांगितलंच नाही."

"विचारलंस का?"

आलिकोया खुर्चीत चुळबुळ करायला लागला. "ते मघाचं पहिलं गाणं. त्याच्या आधी ते नाही का रे? नारळाचं?"

"कुठलं नारळाचं, मामा?"

"अरे, मी ठेका जोरात धरला की बीरान म्हणायचा, आलिक्का, अहो तबला आहे तो, नारळ नव्हे. सगळे हसायचे. ते याच कॅसेटमध्ये आहे, गाण्याच्या अगदी आधी. लाव बघू."

"ते नाही आता. गाणं नाही ना ते."

"नाही?" आलिकोयाने चष्मा काढला. "बाजारात मला सगळे 'साहेब' म्हणतात. घरात तुम्ही मला भिता. माझी चेष्टा करणारा तो एकटा माणूस होता या जगात. तो गेला. त्याची तेवढी चेष्टा शिल्लक होती, ती पण धुऊन टाकलीत? कुणाला विचारून?"

"मामा, अहो मूळ कॅसेट आहेत ना."

"कुठे आहेत?" मरियंबीने विचारलं.

निहालाने मान खाली घातली. सैनबी ताट घेऊन उगाच दुसऱ्या बाजूला गेली.

"कुठे आहेत?"

"त्या तर सुरक्षित आहेत," रमीस म्हणाला. "ते दुसरं सरप्राइज होतं." आणि त्याने भिंतीवरची चादर ओढली.

मोठ्या काळ्या फळीवर बीरानकोयाच्या कॅसेटी चिकटवलेल्या होत्या. बदामाच्या आकारात. मधोमध थर्मोकोलची अक्षरं, निहालाचं नाव आणि मुलाचं नाव. फळीच्या खाली तिवईवर टेपरेकॉर्डर, त्याच्या हँडलला कागदी फुलं, बटणांवर दिव्यांची माळ. वर पाटी: जुना जमाना.

"पाहुण्यांनी इथे उभं राहून फोटो काढायचे," सैनबी घाईने म्हणाली. "हल्ली सगळ्या लग्नांत करतात, इत्ता. सजावटवाल्या पोरांची कल्पना. लोकांना जुन्याची फार ओढ लागलीय आता."

मरियंबी फळीजवळ गेली. प्रत्येक कॅसेटच्या कडेला तिचं स्वतःचं अक्षर होतं, अरबी-मलयाळममधलं, आणि त्यावर डिंक ओघळलेला. प्रत्येक कॅसेटच्या वरच्या अंगाची दोन्ही नखं तुटलेली होती. ती तिनेच तोडली होती, केसाच्या आकड्याने, त्याच रात्री, की चुकून कुणी वर दुसरं काही भरू नये. तिने पुसलं जाण्यापासून वाचवलं होतं. चिकटवण्यापासून कसं वाचवायचं, हे तिला कधी सुचलं नव्हतं.

"ओढ," ती म्हणाली. "ऐकायची नाही. फोटो काढायची. जुन्यावर एवढं प्रेम आहे तर ऐका ना, कुणी अडवलंय? भिंतीला कसल्या चिकटवता? मेलेल्या पाखरांना टाचण्या मारतात तशा मारल्यात." ती वळली. "आणि बिस्किटाच्या डब्यातल्या? कपाटात खालच्या कप्प्यात एक पत्र्याचा डबा होता."

"त्यांत गाणी नव्हती, मूत्तम्मा," रमीसचा आवाज आता पार बसला होता. "दुकानदाराने तशाच परत केल्या. म्हणाला, नुसतं बोलणं आहे."

"मला माहीत आहे काय आहे. कुठे आहेत?"

खिडकीतून वारा आला आणि खोलीच्या दारावरचा पडदा सळसळला.

मरियंबीने तिकडे पाहिलं. मग सगळ्यांकडे पाहिलं. मग ती दाराशी गेली आणि एक पट्टी दोन बोटांत धरून तिने उजेडासमोर केली. कॅसेटमधून उपसलेली टेप होती ती.

लग्नानंतर बीरानकोया काही वर्षं दोह्याला होता. तेव्हा फोन नव्हते घरात, आणि पत्र लिहायचं तर त्याला धड लिहिता येत नसे. तो कॅसेट भरून पाठवायचा, सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी हाती. ती मागून आणलेल्या यंत्रावर ऐकायची, दुसरी भरून परत पाठवायची. येताना त्याने तिच्यासुद्धा सगळ्या परत आणल्या होत्या. या घरात त्याने तिला कधी नावाने हाक मारली नाही. त्या कॅसेटींत मारायचा. दर चार वाक्यांनी. मरियं, ऐकतेस ना. मरियं, आज इथे वादळ होतं.

"हा पडदा नाही," ती म्हणाली. "माझा नवरा टांगलाय तुम्ही दाराला. आणि मला त्याच्यातून चालत जायला लावलंत. मी हाताने बाजूला सारला त्याला."

निहाला पायरीवरून उठली. "मूत्तम्मा, मला खरंच माहीत नव्हतं..."

"तू गप्प बस," सैनबी म्हणाली आणि ताट तिने खाली आपटलं. आता तिच्याही आवाजातली साखर संपली होती. "इत्ता, पुरे झालं. पोरीच्या लग्नात मला रडारड नको. चूक झाली असेल, पण तू असं बोलतेस जणू आम्ही खून केलाय. तुला काय जातं बोलायला? ही खोली तुला मिळाली. रस्त्याकडची, हवेशीर. माझ्या माणसाला काय मिळालं? विहिरीकडची. भिंतींना ओल, रात्रभर डास. एक वर्ष आला, दोन वर्षं आला, मग गुरुवार चुकायला लागले, मग महिने. तो वाईट नव्हता, इत्ता. खोली वाईट होती. मी कुणाला काही बोलले? माझ्या पोरीच्या नशिबी ती खोली येऊ द्यायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. तू किल्ली कमरेला लावून दोह्याला निघून गेलीस. तीन वर्षं मी वाट बघतेय की तू देशील."

यात खोटं काही नव्हतं, आणि मरियंबीला ते कळत होतं, म्हणून तिचा संताप आणखी वाढला.

"मागायची होतीस," ती म्हणाली.

"मागत नाहीत. रीत नाही."

"मग तोडायची रीत आहे?"

"आणि ती मैफल," सैनबी आता थांबणार नव्हती. "तुम्ही सगळे त्या मैफलीचे गोडवे गाता. तू दाराशी बसून बांगड्या वाजवायचीस. मी कुठे होते? मी खाली चुलीशी होते, आपल्या उम्माबरोबर. किटल्या उकळत. मला एक गाणं धड ऐकायला मिळालं नाही. मी त्या कॅसेटींत कुठेच नाही, इत्ता. मग मला कशाला त्यांचं सोयरसुतक?"

"तू आहेस," मरियंबी म्हणाली.

"कुठे?"

"सगळ्यांत. उम्मा जिन्याखालून ओरडायची ना, सैनबी, चहा वर ने म्हणून? दार उघडं असायचं. यंत्र दाराशीच होतं. प्रत्येक गुरुवारी उम्मा तुला हाक मारते. गाण्यांच्या मधे."

सैनबीचं तोंड उघडंच राहिलं. त्यांची उम्मा जाऊन वीस वर्षं होऊन गेली होती. तिचा एक फोटोसुद्धा घरात नव्हता. काढू दिला नव्हता तिने. आवाज कुठे असेल, हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"रमीस," सैनबी म्हणाली. "लाव."

"काय लावू?"

"वल्युम्मा. तुझ्या आजीचा आवाज. त्या कांडीत शोध."

"उम्मा, ते..." रमीसने मोबाइलकडे पाहिलं, ठोकळ्याकडे पाहिलं. "ते त्याने भांड्यांबरोबर काढलं असणार."

"माझ्या आईला कचरा म्हणालास तू," सैनबी म्हणाली. मघापासून मुलाच्या बाजूने उभी असलेली ती बाई आता त्याच्यासमोर अशी उभी राहिली की तो एक पाऊल मागे सरला. "दुबईत राहून कान फुटले का रे तुझे? बाईचा आवाज आला, कुणाचा आहे, एकदा ऐकावंसं वाटलं नाही? हौसेने केलं म्हणे. हौसेने केलंस तर बसून ऐकायचं होतंस. तू दुकानात टाकलंस आणि बिर्याणी खायला गेलास."

आलिकोया काठी टेकत उठला. "ती फळी खाली काढा," तो म्हणाला. "आत्ता. आणि सजावटवाल्यांना सांगा, या घरात पाऊल टाकलं तर तंगडी मोडेन."

"फळीवरच्या निघतील, मामा, पण लगेच नाही," निहाला हळूच म्हणाली. "गरम पाण्याच्या फडक्याने डिंक सोडवावा लागेल." मग ती मरियंबीकडे वळली. "मूत्तम्मा, त्या टेपरेकॉर्डरमध्ये एक कॅसेट आहे. त्यांना ती निघेना. झाकण उघडतच नव्हतं, म्हणून तशीच ठेवली. दुबईलाही फक्त तीच गेली नाही."

मरियंबीने तिवईवरच्या यंत्राकडे पाहिलं. काचेच्या आत खरंच एक कॅसेट होती. झाकण कधीच सरळ उघडत नसे. त्याची खोड फक्त तिला ठाऊक होती.

तिने कागदी फुलं उपटून फेकली. दिव्यांची माळ काढली. रमीसने वायर लावायला हात पुढे केला, तो तिने बाजूला केला आणि वायर स्वतः लावली. टेप मागे गुंडाळून तिने बटण दाबलं, आणि दोघी बहिणी खाली बसल्या.

आधी नुसती खरखर आली. मग माणसांचा गलबला, कुणीतरी घसा साफ केला, तबल्यावर थाप पडली, जरा जास्तच जोरात.

"आलिक्का," बीरानकोया म्हणाला, "अहो तबला आहे तो, नारळ नव्हे."

यंत्रातली माणसं हसली. आलिकोया हसला नाही. त्याने उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि खुर्चीत बसला.

गाणं झालं. गाण्याकडे खरं म्हणजे कुणाचं लक्ष नव्हतं. गाणं संपलं, दाद उठली, आणि त्या गलबल्याच्या मागून, खालून, लांबून, चिडलेला, ठसक्याचा आवाज आला.

"सैनबी. अगं ए सैनबी. चहा वर ने, गार होतोय."

सैनबी अर्धी उठलीच. हात गुडघ्यावर टेकून, ओढणी सावरून. मग तिला कळलं आपण काय करतोय, आणि ती तिथेच जमिनीवर बसली आणि तोंड ओढणीत घालून रडायला लागली. निहाला तिच्याजवळ गेली नाही. ती दारापाशी उभी होती. चौकटीवरची पट्टी खिळ्यावरून अलगद सोडवून, गुंता होऊ न देता ती दुसऱ्या हाताभोवती गुंडाळत होती.

"काय," बीरानकोया यंत्रातून म्हणाला, आता अगदी जवळून, तोंड दाराकडे केलेलं, "आहे का अजून?"

एकदा बांगडी वाजली.

"आहे म्हणतायत," तो बैठकीला म्हणाला, आणि पुढचं गाणं सुरू झालं. गाणं रंगात आलं असताना बांगडी दोनदा वाजली. त्याने गाता गाताच हसू दाबलं, शेवटचं कडवं धावत म्हटलं, आणि त्याचा शेवटचा सूर पुरता उतरायच्या आत बटण खटकन वर आलं.

सैनबी अजून नाक ओढत होती.

"खोली निहालाला," मरियंबी शेवटी म्हणाली. "ती द्यायचीच होती. उशीर केला, ती माझी चूक. पण कुलूप तोडलंत ते मी विसरणार नाही, आणि कुणी माफी मागायला येऊ नका, मला आता ऐकायची नाही. हे यंत्र त्या खोलीतच राहील, जिथे होतं तिथे, खिडकीत. पट्ट्या सगळ्यांनी मिळून परत भरायच्या. चाकात करंगळी घालून फिरवत भरतात. रमीस, तूसुद्धा. लग्न होईपर्यंत तुला दुसरं काम नाही."

"हो, मूत्तम्मा."

सैनबीने डोळे पुसले. "इत्ता," तिने विचारलं, "दुसऱ्या बाजूला उम्मा आहे का गं?"

"असणारच. चहा दोनदा व्हायचा."

"मग पालट ना."

मरियंबी उठली. कमरेची किल्ली तिने सोडवली, पण यंत्राकडे गेली नाही. दारापाशी जाऊन तिने निहालाचा मोकळा हात धरला आणि किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली. निहालाची बोटं मिटेपर्यंत तिने तो हात सोडला नाही.

"कुलूप काही राहिलं नाही," ती म्हणाली. "पण त्या झाकणाच्या डाव्या कोपऱ्यात हिचं टोक घालून जरा वर उचललं की ते उघडतं. दुसऱ्या कशानेच उघडत नाही. जा, आता तू पालट."